खेळ निर्दोष सुटला

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते आणि पुणे-बंगळूर महामार्गाची धूळ आमच्या घराला! चिरंजीवांचा संगणक खेळता खेळता एकाएकी बंद पडू लागला, तेव्हा सौभाग्यवतींनी निकाल दिला, "अहो, खेळानंच बिघडला तो. दिवाळीआधी विकून टाका!" पुरावा भक्कम होता. माझ्या प्रश्नपत्रिका टाइप करताना तो कधी थांबत नसे.

पण अक्षरे उमटवायला श्रम ते कितीसे? खेळात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही घाम गाळतात. तापमान शंभर अंशांकडे गेले, की यंत्र आधी मंदावते, मग जीव वाचवण्यासाठी स्वतःच बंद होते.

चिरंजीवांचा नेम एकच : एका वेळी एकच गोष्ट तपासायची. खेळताना तापमान पाहिले. ते भराभर चढत होते. वीज तोडून, पंख्याचे पाते बोटाने धरून त्याने ब्रश फिरवला. धुळीची गादीच निघाली! १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ संगणकात पतंग अडकलेला सापडला होता. आमचा अपराधी त्याहून बारीक.

संगणक घरातच राहिला. वर्गात चमकणारा विद्यार्थी परीक्षेत कोसळला, की आता मला वाटते, ताण दोष निर्माण करीत नाही, असलेला दाखवतो. शिक्षा करण्यापूर्वी झाकण उघडून पाहावे!