शिरोडकरचं पुढे काय झालं?

वाचनालयातून आणलेल्या ‘शाळा’च्या शेवटच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, “शिरोडकरचं पुढे काय झालं?” त्याखाली निळ्या शाईत, दामटून, “पुस्तकात लिहू नये.” आणि त्याच्याही खाली तिसऱ्याच वळणदार अक्षरात, “आमच्या वर्गात आली.” मिलिंद बोकीलांची ही २००४ सालची कादंबरी माझी वाचून झाली होती, तरी या खेपेला शेवटच्या पानावरच रेंगाळलो. आणीबाणीच्या काळातली ती मुलगी गाव सोडून गेली आणि सोलापुरातल्या कुठल्याशा तुकडीत हजेरीला उभी राहिली, याहून चांगलं परीक्षण मी तरी वाचलेलं नाही.

कादंबरीतला जोशी तिला मनातल्या मनातसुद्धा आडनावानंच हाक मारतो. आमच्याही वर्गात पहिलं नाव फक्त घरच्यांसाठी असायचं. हजेरीत बिराजदार, मग गड्डम, मग जाधव, मग शेख. चौघांच्या घरी चार भाषा, आणि मधल्या सुट्टीत चौघांच्या डब्यात कडक भाकरी न् शेंगाचटणी.

शाळेवरच्या सिनेमात मुलं सुधारायला लागली की मला जांभया येतात. ‘डेड पोएट्स सोसायटी’त बाकांवर चढून सरांना निरोप देणारी मुलं पाहून मीही डोळे पुसले, पण दुसऱ्या दिवशी त्यातलं फारसं काही उरलं नाही. ‘सैराट’मध्ये पाटलाचा प्रिन्स भर वर्गात नव्या सरांच्या कानाखाली वाजवतो, तो आवाज मात्र अजून ऐकू येतो. गावची पाटीलकी पोराबरोबर वर्गात येऊन बसते, हे जेऊरच्या नागराज मंजुळेंना वेगळं कुणी सांगायला नको. ‘फँड्री’त शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं जब्याचं अख्खं घर जागच्या जागी उभं राहतं. डुक्कर काही राष्ट्रगीताला थांबत नाही. सुधारणेच्या सिनेमांत अपवाद ‘दहावी फ’चा, आणि तो निव्वळ पक्षपातानं: त्यातले सर, अतुल कुलकर्णी, आमच्या हरिभाई देवकरण शाळेचे.

विनोदाचं शिक्षण मात्र गड्डमच्या घरी झालं. घर पूर्व भागात. पुढच्या खोलीत टीव्ही, मागच्या खोलीत टॉवेलचे यंत्रमाग. धोटा इकडून तिकडे धावायचा आणि भिंतीवरची व्यंकटेशाची तसबीर त्या ठेक्यात थरथरत राहायची. मालिकेसाठी माग बंद ठेवणं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. त्यामुळे ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आम्ही जवळपास न ऐकताच पाहिली. कांड्या भरत बसलेल्या गड्डमच्या अव्वाला मराठी जेमतेम समजायचं. आम्हाला समजायचं, पण ऐकू यायचं नाही. फिट्टंफाट. मालिकेतले आबा नातवाकडे, शिऱ्याकडे, नुसते बघायचे आणि अव्वा सगळ्यांच्या आधी हसायची, एका हातात कांडी तशीच धरून, दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी नेत. मग आम्ही. मागच्या खोलीतून गड्डमचे वडील ओरडायचे, “एमैंदि रा?” गड्डम तेलुगूत ओरडून सांगायचा, त्यात निम्मा विनोद पदरचा. वडील त्या निम्म्यालाच जास्त हसायचे. घर शांत व्हायचं ते फक्त लाईट गेल्यावर, पण तेव्हा टीव्हीही बंद. मग अंधारात उरलेला भाग आम्हीच करून दाखवायचो. आबा कायम गड्डम; माझ्या वाट्याला शिऱ्या. अव्वा अंधारातही हसायची, म्हणजे तिला तोंडंही दिसत नव्हती. ती कशाला हसायची हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही.

पुढे तेच भाग आवाजासकट पाहिले. संवाद चांगलेच आहेत, पण आबा झालेल्या दिलीप प्रभावळकरांना त्यांची फार मदत लागत नाही. हल्लीचे हास्याचे कार्यक्रम मी अधूनमधून आवाज बंद करून बघतो. बरेचसे नापास होतात. विनोद झाला हे कळावं म्हणून खुर्चीवरचे पाहुणे हसताना दाखवावे लागतात, यातच सगळं आलं.

कादंबऱ्यांबद्दलची मतंही सांगूनच टाकतो. ‘कोसला’ वसतिगृहात राहिलेल्यांनी खुशाल डोक्यावर घ्यावी. घरचा डबा खाऊन कॉलेज केलेल्याला त्यातला पांडुरंग सांगवीकर जरा लाडावलेला वाटतो. ‘श्यामची आई’ वाचून रडलो, पण श्यामशी मैत्री काही झाली नाही. माझं पुस्तक ‘बनगरवाडी’, १९५५ सालचं. माणदेश आम्हाला परका नाही, आमचा सांगोला त्यातलाच. धनगरांच्या वाडीवर कोवळा मास्तर येतो, तर शाळेत पोरंच नाहीत. तो ती गोळा करतो, तालीमही बांधून घेतो. मग दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात आणि वाडी उठून जाते. मास्तरला निरोप द्यायला कुणी बाकावर चढत नाही. वाडीत माणूसच उरलेलं नसतं. व्यंकटेश माडगूळकरांनी हे सगळं एका दुपारी वाचून होईल एवढ्या पानांत बसवलंय. मास्तरकीवर मराठीत याच्या तोडीचं दुसरं काही नाही.