पुराचा पंचनामा होतो, आईच्या रक्तदाबाचा होत नाही

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर आम्ही काही जण सावर्ड्याहून मदतीला गेलो. गाळ उपसताना एक ताई सांगत होत्या की पाणी चढू लागले तेव्हा त्यांनी शिलाई मशीन एकटीने उचलून माळ्यावर टाकले. दुसऱ्या दिवशी तेच मशीन त्यांना जागचे हलवेना.

यात चमत्कार काही नाही. धोका दिसला की मेंदू इशारा देतो, मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रेनल ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, पाठोपाठ कॉर्टिसोल येते. हृदय जोरात धावते, यकृत रक्तात साखर ओतते, पचन मागे पडते. सारी ताकद हातापायांत. धोका टळला की शरीर हळूहळू मूळ जागी येते. हा तीव्र ताण. तो जीव वाचवतो. त्याला तारीख असते, म्हणून त्याचा पंचनामाही होतो.

आता माझ्या आईचे सांगते. ती एका शाळेत पोषण आहार शिजवायची. शाळेचे नाव इथे नको. पहिल्याच आठवड्यात काही मुले घरून डबा आणू लागली. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात उगारला नाही. डबे मात्र वाढत गेले. रोज तांदूळ मोजताना आईच्या पोटात गोळा यायचा, आज किती भात उरेल? रात्री दोनला जाग यायची, ती सकाळपर्यंत. असे तीन वर्षे चालले. पुढे रक्तदाब निघाला, वरचा आकडा १७०. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा, टेन्शन घेऊ नका. जणू टेन्शन आईने बाजारातून विकत आणले होते!

पूर ओसरतो, डबे ओसरत नाहीत. धोका टळल्याची खूण शरीराला मिळतच नाही. मग जे कॉर्टिसोल जीव वाचवायला आले, तेच मुक्काम ठोकते. रक्तदाब चढलेला राहतो, साखर वाढते, झोप तुटते, प्रतिकारशक्ती घटते, विसरायला होते, मन खचते. अमेरिकेत आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांविषयी हेच मांडले. सततच्या विषमतेने त्यांचे शरीर वयाआधी झिजते. एम.ए.ला असताना हे वाचले तेव्हा मला अमेरिका दिसलीच नाही, आमची चूल दिसली.

बाबासाहेब परदेशातून शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या दहा-बारा पारशांनी त्यांना सराईतून बाहेर काढले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये ते लिहितात की अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहतो आणि अश्रू येतात. प्रसंग थोड्या वेळाचा, पण शरीराने तो अठरा वर्षे जपला. नंतर त्यांना मधुमेह जडला. त्याचे कारण हाच प्रसंग असे मी म्हणत नाही, एका माणसाच्या आजाराचे असे गणित मांडता येत नाही. पण अख्ख्या समाजाच्या आजाराचे मांडता येते, आणि ते मांडायचे आपण टाळतो.

काही मित्र म्हणतील, ताई, ध्यान करा. मीही आनापान करते, श्वास शांत होतो, झोप बरी लागते. पण आनापानाने डबे कमी होत नाहीत. ॲट्रॉसिटीच्या कायद्याला प्रसंग लागतो, आरोपी लागतो, साक्षीदार लागतो. आईकडे यातले काहीच नव्हते. होता फक्त उरलेला भात.

आता विहारात महिलांचा रक्तदाब तपासतो तेव्हा आकडा लिहून झाला की मी विचारते, हे कधीपासून? आधी त्या गोळीचे नाव सांगतात. थोडे थांबले की मग दुसरे उत्तर येते. बहुतेकींची सुरुवात एकच असते: “तसं कोणी काही बोललं नाही गं, पण…”