बेळगोळच्या वाटेवरचा उजेड

श्रवणबेळगोळची यात्रा आमच्या घराण्यात पूर्वापार चालत आली आहे. आजोबा रेल्वेने आणि मग बसगाड्या बदलत गेले, वडील ट्रकच्या हौद्यात सतरंजी अंथरून गावकऱ्यांसह गेले, आणि मी गेल्या हिवाळ्यात वृद्ध आईला घेऊन स्वतःच्या मोटारीतून गेलो. भगवान बाहुबलींच्या दर्शनाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा माझा अधिकार नाही. या लेखात सांगायचे आहे ते त्या वाटेवर मला मिळालेल्या एका धड्याविषयी. तो धडा मोटारीच्या दिव्यांनी दिला.

आमची मोटार नऊ वर्षांची. तिचे पुढचे दिवे अलीकडे मंद वाटू लागले होते. सूर्यास्तानंतर प्रवास करू नये, हा आईचा आग्रह. पण सांगली भागातून बेळगोळपर्यंतचा पल्ला लांबचा, थोडा तरी काळोख वाट्याला येणारच. म्हणून निघण्याच्या चार दिवस आधी मी जुने हॅलोजन बल्ब काढून झेनॉन बल्ब बसवून घेतले. दुकानदाराने मूळच्याच सॉकेटमध्ये जोडणी करून दिली आणि ‘आता रात्रीचा दिवस होईल’ असे आश्वासनही दिले. अंगणात दिवे लावून पाहिले तेव्हा निळसर पांढरा झोत समोरच्या शेतापर्यंत गेला. मला धन्यता वाटली. आई मात्र एवढेच म्हणाली, “बाबा, एवढ्या उजेडावर पाखरं किती येतील रे?”

सकाळी जेवण उरकून निघालो. बेळगाव, हुबळी मागे पडले. दावणगेरेच्या अलीकडे एका झाडाखाली गाडी थांबवून सूर्य मावळण्यापूर्वी शिदोरी सोडली. चित्रदुर्ग जवळ येऊ लागले तसा अंधार दाटला आणि उजव्या दिव्याने खोडी काढली. क्षणभर विझायचा, पुन्हा निळा चमकून पेटायचा. वातानुकूलनाचा पंखा वाढवला की लुकलुक वाढे, पंखा बंद केला की थोडी कमी होई. कशीबशी हिरियूर गाठून मुक्काम केला. पहाटे गाडी पुसायला गेलो तो आई आधीच दिव्याच्या काचेपाशी उभी. काचेवर चिकटलेले पतंग आणि किडे ती ओल्या फडक्याने हलकेच टिपून घेत होती. ती काही बोलली नाही. मलाही काही बोलवले नाही.

हुळियारकडे वळलो तेव्हा उजाडू लागले होते, पण धुके असल्याने दिवे लावलेलेच होते. एका वळणावर दिवा विझला, पुन्हा पेटला, आणि त्या पेटत्या झोतात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या तीन-चार शुभ्र आकृती एकदम समोर आल्या. तो आर्यिकांचा विहार होता. मी ब्रेक दाबला. गाडी पाच-सहा हातांवर थांबली. पुढे चालणाऱ्या माताजींनी हातातील पिंछी छातीशी धरली होती. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीतीही दिसली नाही. माझे हात मात्र स्टिअरिंगवर थरथरत होते.

संघासोबत चालणारा, अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट घातलेला एक तरुण श्रावक जवळ आला. तो कन्नडमध्ये शांतपणे म्हणाला, “काका, तुमचा दिवा विझत होता, म्हणून गाडी किती दूर आहे याचा अंदाजच येईना. आणि पेटला की डोळ्यांपुढे पांढरे होऊन काहीच दिसेना. माताजी बाजूला तरी कुठे होणार?” आईने गाडीतून उतरून “वंदामि” म्हटले. माताजींनी आशीर्वादासाठी हात उचलला आणि संघ पुढे निघाला. चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती आपण लहानपणापासून पाठ करतो. तिचे पालन करणाऱ्यांना त्यांच्या पुढची ती चार हात भूमीसुद्धा दिसू नये, अशी व्यवस्था मी पैसे मोजून करून घेतली होती.

तिपटूरला नारळाच्या वखारींच्या गल्लीत वाहनांचे विद्युतकाम करणारे एक वयस्कर कारागीर भेटले. मी म्हटले, “अण्णा, बल्ब खराब निघाला वाटते, दुसरा घाला.” ते हसले. “आधी रोग शोधू, औषध नंतर,” म्हणाले. त्यांनी पुढे जे केले ते वाचकांच्याही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो.

झेनॉन बल्बमध्ये हॅलोजनप्रमाणे तार तापत नाही. क्वार्ट्झच्या लहानशा कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार असतात आणि दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी अखंड जळत राहते. ती पेटवण्यासाठी ‘बॅलास्ट’ नावाची डबी क्षणभर वीस हजार व्होल्टच्या वर झटका देते. नंतर सुमारे 85 व्होल्टवर ठिणगी टिकते. म्हणूनच इंजिन आणि दिवे बंद करून, बॅटरीची तार सोडल्याशिवाय या भागांना हात लावू नये. बल्ब 35 वॅटचा, म्हणजे हॅलोजनच्या 55 वॅटपेक्षा कमी खाणारा. परंतु पेटतेवेळी बॅलास्ट नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. जुनी बारीक तार तो प्रवाह सोसू शकली नाही की व्होल्टेज कोसळते, बॅलास्ट स्वतःला बंद करते, व्होल्टेज सावरले की पुन्हा झटका देते. लुकलुक म्हणतात ती हीच.

अण्णांनी प्रथम डावा बल्ब उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला. दोष बल्बसोबत डावीकडे गेला असता तर बल्ब सदोष ठरला असता. आयुष्य संपत आलेला झेनॉन बल्ब गुलाबीसर होऊन लुकलुकतो, असेही त्यांनी सांगितले. दोष उजवीकडेच राहिला. मग दोन्ही बॅलास्टची अदलाबदल केली. तरीही दोष उजवीकडेच. “म्हणजे दोष दिव्यात नाही, दिव्यापर्यंतच्या वाटेत आहे,” ते म्हणाले. मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्ट होते, पण दिवा लावल्यावर उजव्या सॉकेटवर जेमतेम 11. पेटण्याच्या क्षणी काटा त्याहून खाली जाई.

कारण दोन निघाले. दिव्याची अर्थिंगची तार ज्या बोल्टला बांधलेली होती, तेथे रंगाखाली गंज धरला होता. दुसरे, सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून लांबच्या बारीक तारेने येत होता. अण्णांनी बोल्ट कानशीने घासून लखलखीत केला, तार घट्ट बांधून वर ग्रीस लावले. मग जाड तारांचा रिले हार्नेस घातला: दिव्यांना वीज थेट बॅटरीतून, बॅटरीलगतच फ्यूज, आणि जुन्या सॉकेटकडे फक्त रिलेला ‘चालू हो’ सांगण्याचे काम. पुन्हा मोजले तेव्हा सॉकेटवर साडेतेरा व्होल्टच्या पुढे होते. पंखा, वायपर, सगळे एकदम चालू केले. दिवा हलला नाही.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. नव्या मोटारींत संगणक दिव्यांना सलग वीज न देता तुटक स्पंदनांनी देतो, किंवा बल्ब शाबूत आहे की नाही हे सूक्ष्म स्पंदने पाठवून तपासतो. हॅलोजनच्या तापलेल्या तारेला ते जाणवत नाही, झेनॉनचे बॅलास्ट मात्र प्रत्येक स्पंदनाला दचकते. अशा गाडीत रिलेही टकटकू लागतो. तेथे स्पंदने सपाट करणारा कपॅसिटरचा जोड लागतो. बल्ब बदलत बसण्यात अर्थ नसतो.

चन्नरायपट्टणवरून बेळगोळला पोहोचलो ते दुपारी. विंध्यगिरी आणि चंद्रगिरी यांच्यामधल्या ज्या शुभ्र सरोवरावरून गावाला नाव मिळाले, त्याच्या काठी क्षणभर टेकलो. आईसाठी डोली केली आणि मी अनवाणी सहाशेंहून अधिक पायऱ्या चढलो. गंग राजांचे मंत्री चामुंडराय यांनी इ. स. 981च्या सुमारास घडवविलेली ती 57 फुटी मूर्ती उतरत्या उन्हात उभी होती. चरणांजवळ मराठीतील तो प्राचीन कोरीव लेख वाचताना मराठी भाषकाचा ऊर भरून येतो. मूर्ती चामुंडरायांनी करविली आणि सभोवतालचे आवार गंगराजांनी करविले, एवढेच तो सांगतो.

पण त्या दिवशी माझी नजर खिळली ती समोरच उभ्या असलेल्या गुळ्ळकायज्जीवर. कथा सर्वांना ठाऊक आहे. चामुंडरायांनी घागरीमागून घागरी दूध ओतले, तरी अभिषेक मांड्यांच्या खाली उतरेना. आणि एका गरीब म्हातारीच्या फळाच्या कवचातील ओंजळभर दुधाने मूर्ती आपादमस्तक न्हाली. आईने तिच्यापुढे हात जोडले आणि माझ्याकडे पाहिले. “नुसतं जास्त असून भागत नाही बाबा,” ती म्हणाली. तिने ते दिव्यांविषयी म्हटले की आणखी कशाविषयी, हे मी विचारले नाही.

घरी परतल्यावर लुकलुक थांबली होती, पण त्या तरुणाचे दुसरे वाक्य थांबत नव्हते. एका रात्री गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर उभी करून दिवे लावले. झोताला वरची कड अशी नव्हतीच. प्रकाश भिंतीभर, माणसाच्या डोळ्यांच्या उंचीच्याही वर पसरलेला. जुना हॅलोजन बल्ब घालून पाहिला, तो भिंतीवर स्वच्छ रेघ उमटली: वर अंधार, खाली उजेड, डावीकडे रस्त्याच्या कडेसाठी किंचित उंचावलेली. परावर्तकाची वाटी हॅलोजनच्या तारेची जागा धरून घडवलेली असते. ठिणगीचा आकार आणि जागा निराळी, म्हणून किरण भलतीकडे उधळतात. युरोपातील नियमांत 2000 ल्युमेनहून अधिक प्रकाशाच्या दिव्याला आपोआप उंची सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय आवश्यक मानली आहे, ती उगाच नव्हे. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते.

मी झेनॉन काढून ठेवले. अण्णांचा रिले हार्नेस मात्र राहू दिला आणि पिवळसर पडलेली काच पॉलिश करून घेतली. आणि नवल असे की जुनेच हॅलोजन दिवे पूर्वीपेक्षा कितीतरी उजळ झाले. हॅलोजनचे व्होल्टेज दहा टक्के घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, हे मागाहून समजले. म्हणजे ज्या मंदपणावर मी झेनॉनचा उपाय शोधला, तो मंदपणा बल्बचा कधीच नव्हता. गंजलेल्या एका बोल्टचा आणि थकलेल्या तारेचा होता.

आता आम्ही शक्यतो सूर्योदयानंतर निघतो आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामाला पोहोचतो. वाचकांनाही एवढीच विनंती: विहारकाळात पहाटेच्या रस्त्यावर दिवे खाली ठेवा, वेग कमी ठेवा, आणि बल्ब बदलण्यापूर्वी एकदा वाट तपासून घ्या.