मायलेज कोणामुळे वाढले?

दिल्लीतील काश्मिरी गेटच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारात एखादा टॅक्सीचालक दिवसभराची कमाई देऊन पेट्रोलच्या नळीवर बसवायचे चुंबक घेतो. चुंबकामुळे रेणू सुटे होऊन इंधन पूर्ण जळते, असा विक्रेत्याचा दावा असतो. परंतु सुस्थितीतील इंजिनात सुमारे ९८ टक्के इंधन आधीच जळते. ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो तो उष्णतेच्या रूपाने, सायलेन्सर व रेडिएटरमधून. शिवाय पेट्रोलचे रेणू चुंबकाला जवळजवळ दादच देत नाहीत.

तरीही पहिल्या टाकीला मायलेज वाढल्याचे चालक सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. पैसे गुंतल्यामुळे तो ॲक्सिलरेटर जपून दाबू लागलेला असतो. श्रेय मात्र चुंबकाला मिळते.

म्हणूनच मानेसरच्या ‘आयकॅट’सारख्या चाचणी केंद्रात गाडी रोलरवर ठरावीक वेगक्रमाने चालवतात आणि धुरातील कार्बनवरून इंधनाचा हिशेब काढतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १०० हून अधिक इंधनबचत उपकरणे पारखली. त्यांतील मोजक्याच उपकरणांनी किंचित लाभ दाखवला.

चालकाने टायरमध्ये योग्य हवा राखावी आणि तोच हलका पाय कायम ठेवावा. त्यासाठी दिवसाची कमाई घालवावी लागत नाही.