पिशवी काढली तरी फाईल जपा

पिशवी काढलेली बाई गर्भाशयाच्या दुखण्यातून कायमची सुटली, असं आमच्या बार्शी भागात सगळ्याच धरून चालतात. मीही तसंच धरून चालले होते. पाळी थांबता थांबत नव्हती, पॅप तपासणीत दोष निघाला, बायोप्सी झाली आणि गर्भाशय तोंडासकट काढलं. घरी सोडताना "आता काळजी मिटली" म्हणाले. पुढे तपासणीला कधी यायचं, हे ना कुणी सांगितलं ना कागदावर लिहिलं.

काही वर्षांनी पुण्यात लेकीकडे असताना लघवीला जळजळ होते म्हणून एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारलं, "काकू, पिशवी कशासाठी काढली?"

"अंगावरून फार जायचं."

"ते झालं. पण रिपोर्टात काय होतं?"

मुलाने घरच्या कपाटातून फाईल काढून फोटो पाठवले. त्यात 'सीआयएन 3' असं लिहिलेलं होतं. म्हणजे गर्भाशयाच्या तोंडावर कर्करोगाच्या आधीची, वरच्या श्रेणीची अवस्था.

बाईंनी कागदावर आकृती काढून समजावलं. ही अवस्था एचपीव्ही या विषाणूमुळे येते. गर्भाशयाच्या तोंडाशी तो सर्वांत जास्त त्रास देतो, पण योनीमार्ग, बाह्यांग, गुदद्वार, घसा इथेही तो कर्करोग घडवू शकतो. तोंड काढून योनीमार्गाचं वरचं टोक टाके घालून बंद करतात. विषाणू तिथे उरू शकतो. योनीमार्गाचा कर्करोग तसा विरळाच. मात्र ज्यांना आधी अशी अवस्था होऊन गेलेली असते त्यांना त्याचा धोका इतरांहून जास्त असतो आणि तो बरीच वर्षं राहतो.

त्या टोकाचा नमुना घेतला, त्यात एचपीव्हीचा 16 क्रमांकाचा प्रकार निघाला. कोल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून तपासणी, करताना औषध लावल्यावर टाक्यांच्या कडेला पांढरा चट्टा उमटला. बायोप्सीत कर्करोग नव्हता, पण त्याच्या आधीची अवस्था होती. लेझरने तो भाग जाळला. पुढची तपासणी नीट आली, पण तपासण्या थांबलेल्या नाहीत.

उपचार सोसले. जड गेला तो घरातला प्रश्न. "या वयात हे आलं कुठून?" असं यजमान एकदाच म्हणाले, पण मग दोघंही गप्प झालो. मला त्यांचा संशय, त्यांना माझा. बाईंनी दोघांना समोर बसवलं. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेकांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच, बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो, काहींच्या शरीरात मात्र वर्षानुवर्षं दबून राहतो. तो आज सापडला म्हणून आजच आला असं होत नाही, आणि कुणाकडून आला हे कुठलीच तपासणी सांगत नाही. यजमानांनी मान डोलावली. आता तपासणीला ते स्वतःच गाडी काढतात.

याच विषाणूच्या तपासणीचं मोल जगाला आमच्या भागाने दाखवलं. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला.

म्हणून पिशवी काढलेल्या प्रत्येकीला माझं सांगणं आहे. फाईल शोधा आणि दोन गोष्टी बघा: गर्भाशयाचं तोंडही काढलं का, आणि बायोप्सीत काय निघालं. तोंड ठेवलं असेल तर तपासणी चालूच ठेवायची. तोंड काढलं, गाठींसारखं साधं कारण होतं आणि आधीही कधी दोष नव्हता, तर सहसा या तपासणीची गरज नसते. उगाच घाबरू नका. पण सीआयएन 2 किंवा 3 लिहिलं असेल, तर निदान 25 वर्षं तपासणी सुरू ठेवायला सांगतात. आणि पिशवी काढल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर ते अंगावर काढू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.