फुकटचा ओंडका

मुलांनो, आज एक सोपा वाटणारा प्रश्न विचारतो. समजा, तुम्हाला कुणी म्हणालं, "आमच्या आवारात झाडं पडली आहेत. ओंडके घेऊन जा. पैसे नकोत!" तर तुम्ही काय कराल? डोळ्यांसमोर लगेच फळ्या येतील, फळ्यांचं पुस्तकांचं कपाट येईल, अभ्यासाचं टेबल येईल. फुकट मिळतंय तर नको कोण म्हणेल?

पण आपल्याकडे एक म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! कोंबडी फुकट मिळाली तरी मसाला विकतच आणावा लागतो. ओंडक्याचंही तसंच. ओंडका फुकट असतो, फळी मात्र कधीच फुकट नसते.

हा प्रश्न श्रीवर्धन तालुक्यातल्या माझ्या मामांपुढे खरोखरच उभा राहिला होता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. काही तासांत नारळी-पोफळी, आंबे, फणस आडवे झाले. मामांच्या घराची कौलं उडाली, मागच्या पडवीचं छप्पर गेलं आणि वाडीतली हापूसची कलमं मुळासकट उपटली. शेजाऱ्यांच्या वाडीला वाऱ्याचा आडोसा म्हणून लावलेली सुरूची झाडंही पडली. शेजारी मामांना म्हणाले, "भाऊ, सुरू सगळा घेऊन जा. मला नुसती जागा मोकळी करून हवी."

छपरासाठी लाकूड तर हवंच होतं आणि हातात पैसा नव्हता. नवं कलम लावलं तरी भरघोस आंबे धरायला कितीतरी वर्षं जातात. त्यामुळे एक एक रुपया जपून खर्च करायचा होता. त्यातून पाऊस तोंडावर. ओला ओंडका पावसात पडून राहिला की त्याला बुरशी लागते, किडे पोखरायला लागतात. म्हणजे निर्णयही लवकर हवा. मामांनी काय केलं? त्यांनी मोजपट्टी काढली, वही काढली आणि म्हणाले, "आधी मोजू, मग ठरवू."

चला, आपणही मोजू या. लाकडाच्या व्यापारात ओंडका मोजायची एक जुनी रीत आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर मोजायचा. घेराला ४ ने भागायचं, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि त्याला लांबीने गुणायचं. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज माणसाने १७३६ मध्ये अशा मोजणीची तयार कोष्टकंच छापली होती.

आता एक ओंडका घ्या. साल काढून घेर २ फूट, लांबी ६ फूट. घेराचा चौथा भाग अर्धा फूट. अर्ध्याचा वर्ग पाव. पाव गुणिले ६ म्हणजे दीड घनफूट. दुसरा ओंडका तेवढ्याच लांबीचा, पण घेर ४ फूट. चौथा भाग १ फूट, म्हणून ६ घनफूट. पाहिलंत? घेर दुप्पट, पण लाकूड चौपट!

हॉपसची रीत खऱ्या घनफळापेक्षा सुमारे एकवीस टक्के कमी लाकूड दाखवते. लहान ओंडक्याचं खरं घनफळ १.९ घनफूट भरतं. पण कापताना त्याहून जास्त वाया जातं. गोल ओंडक्याच्या चारही बाजू काढून आधी चौकोन करायचा. साडेसात इंच व्यासाच्या ओंडक्यातून जेमतेम सव्वापाच इंचांचा चौकोन निघतो. मग एक एक इंचाच्या फळ्या पाडायच्या. करवत जिथून जाते तिथलं लाकूड भुसा होऊन उडतं. प्रत्येक कापाला इंचाचा आठवा भाग गेला असं धरा. शेवटी हातात येतात फक्त ४ फळ्या, म्हणजे पाऊण-एक घनफूट लाकूड. निम्म्याहून जास्त ओंडका सालपटांत आणि भुशात गेला!

मोठ्या ओंडक्यातून याच हिशेबाने पावणेअकरा इंच रुंदीच्या ९ फळ्या निघतात. आता कापे मोजा. लहान ओंडक्याला चार बाजूंचे ४ आणि मधले ३, मिळून ७. मोठ्याला ४ आणि ८, मिळून १२. कापे दुप्पटसुद्धा नाहीत, पण लाकूड साडेचारपटीहून जास्त. मेहनत कापांची, मोबदला फळीचा. बारीक ओंडके का परवडत नाहीत, ते इथे कळतं.

शिवाय 'मसाला' वेगळाच. ओंडके उचलायला माणसं, गिरणीपर्यंत न्यायला टेम्पो, कापायची मजुरी. वाडीतल्या झाडात कधीकाळी ठोकलेला खिळा किंवा कुंपणाची तार रुतलेली असली, तर करवतीचं पातं तुटतं आणि त्याचे पैसे ओंडकेवाल्याकडून मागितले जातात. आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं तोडायला आपल्या राज्यात १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते. वादळात पडलेल्या झाडांचाही आधी पंचनामा झाला, मगच मामांनी लाकूड हलवलं.

आणि फळी पडली म्हणजे काम संपलं असं समजू नका. ओलं लाकूड वाळताना आकसतं, तेही सगळीकडून सारखं नाही. वर्षावर्षाच्या वलयांच्या दिशेने ते जवळजवळ दुप्पट आकसतं, म्हणून फळी पन्हळीसारखी वाकते. बारीक ओंडक्यात प्रत्येक फळी गाभ्याच्या जवळची, तेव्हा ती जास्तच वाकते, पिळते आणि चिरते. फळ्यांची टोकं रंगाने बंद करायची, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून सावलीत थप्पी रचायची, वर वजन ठेवायचं आणि वाट पाहायची. एक इंच जाडीला साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे.

आता सुरूकडे वळू. समुद्रकिनारी फिरायला येणारे पुष्कळजण सुरूला पाइन समजतात. सुयांसारखी पानं, छोटी बोंडं, सगळं तसंच दिसतं. पण सुरू पाइनच्या कुळातला नव्हेच! त्या सुया म्हणजे पानं नसून सांध्यासांध्यांच्या हिरव्या काड्या असतात. खऱ्या पाइनचं लाकूड मऊ, करवतीला सोपं. यंत्रं ज्या खोक्यांतून येतात, त्यांच्या फळ्या पुष्कळदा पाइनच्या असतात. सुरूचं लाकूड उलट जड, कठीण आणि वाळताना तडकणारं. त्याच्या फळ्या पाडणं म्हणजे पदरचे पैसे घालून जळण तयार करणं.

मग मामांनी शेजाऱ्यांना नाही म्हटलं का? छे! त्यांनी सुरू आणला, पण कापला नाही. सरळसोट खांब निवडून साल काढली आणि पडवीच्या छपराला वासे म्हणून अख्खेच चढवले. बारीक गोल लाकूड न कापता वापरलं, तर वायाही जात नाही आणि मजबूतही राहतं. वेडेवाकडे तुकडे चुलीला गेले. जुन्या कलमाचा ४ फूट घेराचा बुंधा मात्र त्यांनी झाकून ठेवला. वादळानंतर कितीतरी दिवस वीजच नव्हती, त्यामुळे गिरण्या बंद. वीज आल्यावर त्याच्या फळ्या पाडल्या. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते, म्हणून त्यांना टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी दिलं. त्यांचीच पुढे गोठ्याला दारं झाली.

राहिली फणसाची एक फांदी. वाकडीतिकडी, सरळ भाग जेमतेम दोन फूट. वहीतल्या हिशेबात ती सरपणात जात होती. पण आजी अडून बसली. "हा फणस माझ्या सासऱ्यांनी लावलेला. चुलीत नाही घालू देणार मी."

मामांनी वही मिटली आणि गावातल्या सुतारकाकांना विचारलं. सुतारकाका हसले. म्हणाले, "कपाट होणार नाही. पण पाटाला दोन फूट लांबी कशाला लागते?" त्यांनी हातकरवतीने फळ्या काढल्या, वर्षभर माळ्यावर वाळवल्या आणि दोन फळ्या जोडून एक पाट केला. पिवळाधमक! आजी रोज त्यावर बसून जेवायची. मामांचा हिशेब चुकला नव्हता; त्यांनी 'फळ्या किती' असं विचारलं होतं, सुतारकाकांनी 'करायचंय काय' असं विचारलं.

तेव्हा मुलांनो, फुकट काही मिळालं तर आनंदाने घ्या, पण आधी दोन प्रश्न विचारा. याच्यावर पुढे खर्च किती? आणि मला यातून नेमकं काय हवंय? येत्या रविवारी दोरी घेऊन बाहेर पडा. शाळेजवळच्या एखाद्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजा, चौथा भाग काढा आणि सहा फुटांत किती घनफूट लाकूड आहे ते वहीत लिहा. झाड मात्र उभंच राहू द्या हं. उभ्या झाडाची सावली ही एकच गोष्ट अशी आहे, की तिला मसाल्याचा खर्च नाही.