न आलेली दुरुस्ती

यादी वाचता वाचता एका नोंदीपाशी अडलो. मेनफ्रेमवर दुरुस्त्या बसवणाऱ्या एसएमपी/ई या प्रोग्रामला टार्गेट झोनमधले, म्हणजे चालत्या सिस्टीमच्या नोंदींतले, पीटीएफ (आयबीएमच्या दुरुस्त्या) दाखव म्हटलं की पानंच्या पानं येतात. सात अक्षरांचं नाव, कधी आला, कधी बसवला, कोणती मॉड्यूल बदलली. त्या गर्दीत ही नोंद. नाव आहे, पण तारीख नाही, मॉड्यूल नाही. प्रकारापुढे ‘सुपरसीडेड’ आणि खाली दुसऱ्याच एका पीटीएफचं नाव. म्हणजे ही दुरुस्ती या सिस्टीमवर कधी बसलीच नाही. तिला पोटात घेऊन आलेली मोठी दुरुस्ती तिच्या आधी बसली. तरी तिचं नाव खोडलेलं नाही.

उद्या तिसराच पीटीएफ येईल आणि म्हणेल, अमुक दुरुस्ती आधी असेल तरच मी बसणार. तेव्हा एसएमपी/ईला सांगता यायला हवं की तिचं काम झालंय, तमक्याने केलंय. जी आलीच नाही तिचाही हिशेब ठेवायचा! या चोख वृत्तीवर माझा फार जीव आहे. फोन आपण झोपेत असताना स्वतःला अपडेट करून घेतो, सकाळी एखादं बटण जागेवर नसतं, आणि काय बदललं हे विचारायची सोय नसते. मला ते पटत नाही. ज्या मशीनवर बँकांची खाती आणि विमानांची आरक्षणं चालतात तिथे तर तसं चालणारच नाही.

आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम/३६० जाहीर केली. तिच्यासाठी ओएस/३६० उभी करण्याची धुरा फ्रेड ब्रुक्स यांच्याकडे होती. पुढे १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्यांनी लिहून ठेवलं, की एक चूक दुरुस्त करताना दुसरी नवी चूक शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. इतकी मोठी सिस्टीम बांधलेल्या माणसाने हे असं उघड लिहावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आजची झेड/ओएस त्याच वंशातली. म्हणून तर पीटीएफबरोबर होल्डडेटा येतो. कोणती दुरुस्ती स्वतःच सदोष निघाली, कोणती बसवण्याआधी हाताने काही करावं लागेल, कोणत्या दुरुस्तीनंतर सिस्टीम पुन्हा उठवावी लागेल, हे सगळं त्यात असतं. होल्ड ओलांडायचा तर जॉबमध्ये बायपास असं स्वतः लिहावं लागतं. काही जण सगळ्याच होल्डना सरसकट बायपास लावतात. मला ते बघवत नाही.

मी हे काम ज्यांच्याकडे शिकलो ते सर पंचकार्डांच्या काळातले, मुंबईत वाढलेले. पीटीएफ ते शिकवत, पण जीव त्यांचा झॅपवर. प्रोग्राम पुन्हा न बांधता, जिथे दोष आहे तेवढेच बाइट बदलायचे. त्यासाठी सुपरझॅप नावाच्या प्रोग्रामला दोन ओळी द्यायच्या. पहिली व्हेरिफायची : या पत्त्यावर अमुक बाइट आहेत. दुसरी रिप्लेसची : तिथे तमुक घाल. पहिली ओळ जुळली नाही तर दुसरीला हातच लागत नाही. सर लिस्टिंगवर पेन्सिलने गोल करून दाखवत : ४७एफ०. यातले ४७ म्हणजे अट पाहून उडी मार. पुढचा एफ म्हणजे कुठलीही अट असो, मारच. आता त्या एफच्या जागी शून्य घाला, ४७००. उडी मारायची एकही अट उरली नाही. प्रोग्राम सरळ पुढच्या ओळीवर जातो. अर्ध्या बाइटचा बदल, आणि वाट बदलली. माझी बोटं लगेच दुसऱ्या ओळीकडे वळायची. “अरे, थांब जरा,” सर म्हणत. “काय घालायचं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. तिथे आत्ता काय आहे ते आधी लिही.” मग ते माझ्याकडून डम्पमधले बाइट मोठ्याने वाचून घेत, एकेक आकडा, आणि स्वतः डोळे मिटून ऐकत. चार, सात, एफ, शून्य. शेजारच्या टेबलावरची मंडळी हसायची. सरांना त्याचं काही नसे. आपल्याला वाटतं तेच तिथे असेल असं धरून चालायचं नाही, एवढीच त्यांची शिस्त. ती मी जन्मभर सांभाळीन. त्यांनी गोल केलेलं ते पान अजून माझ्याकडे आहे, रुंद, हिरव्या पट्ट्यांचं.

आधी पाहायचं, मग बदलायचं, हेच एसएमपी/ई मोठ्या प्रमाणावर करतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारची रात्र दोनला टेकते तेव्हा हिवाळ्यात पुण्यात दुपारचे साडेबारा वाजतात. घरात पानं वाढलेली असतात आणि कोणीतरी तिकडच्या मशीनवर अप्लाय चेक लावून बसलेलं असतं. चेकमध्ये काहीच बदलत नाही. बदललं तर काय काय बदलेल ते फक्त छापून येतं. रिटर्न कोड शून्य आला तर उत्तम, चार आला तर इशारे वाचायचे, आठ किंवा बारा आला तर खोलात शिरायचं. तो अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी माणसं मला आवडतात.

आणि हे काम तुमच्याकडे असेल तर एक सांगतो. अ‍ॅक्सेप्टची घाई करू नका. अप्लायने दुरुस्ती टार्गेट लायब्ररीत जाते. डिस्ट्रिब्यूशन लायब्ररीत जुनी प्रत शाबूत असते आणि रिस्टोअर ती तिथूनच परत आणतो. अ‍ॅक्सेप्ट केलं की तीही बदलते. मग रिस्टोअरला परत आणायला काही उरत नाही. एक महिनाअखेर जाऊ द्या, व्याजाचे जॉब नव्या मॉड्यूलवरून एकदा चालू द्या. मग करा.